जुईच्या आईचं दूध

घोटावड्यात भांडणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, पण डूख धरावा तर गौतमीनं. भांडणाऱ्यांचं काय, सकाळी बांधावरून एकमेकांच्या सात पिढ्या काढतात आणि संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात. गौतमी सासूशी एकदाही भांडली नाही. वेळेवर ताट वाढलं, लुगडं धुतलं, गुडघे दुखले तर तेल चोळून दिलं, आणि हे सगळं करताना मनात एकच गोष्ट घोकत राहिली. म्हातारीला एक दिवस चारचौघींत खरं बोलायला लावायचं. बाकी तिला या जन्मात काही नको होतं.

हे समजायचं तर जुईपासून सुरुवात करायला हवी. जुई गौतमीची पहिली मुलगी. नुकती बसायला लागली होती, हिरड्या शिवशिवायच्या म्हणून हातात येईल ते तोंडात घालायची. उन्हाळ्याचे दिवस, तिला जुलाब सुरू झाले, मग उलट्या. गौतमी घाबरून दवाखान्यात न्यायला निघाली, तर सासू तुळजाबाई दारात आडवी झाली. चार लेकरं वाढवलेली बाई, गल्लीत कुणाचं पोर रडलं तर आधी तुळजाबाई आणि मग डॉक्टर, असा तिचा मान.

"दाताचं हाय," ती म्हणाली. "दात येताना पोटं सुटत्यातच. पानी बंद करा. वरचं न्हाई आन अंगावरचं बी न्हाई. पोटात काई गेलंच न्हाई, तर भाईर काय येनार?"

ऐकायला किती सरळ हिशेब वाटतो! नळ बंद केला की गळती थांबते, तसं. फक्त पोर म्हणजे नळ नव्हे, एवढंच म्हातारीच्या लक्षात आलं नाही. तिनं जुईला आपल्या मांडीवर घेतलं ते सोडलंच नाही. गौतमी पाजायला पुढं झाली की हात झटकायची. पोरगी कोरड्या जिभेनं ओठ चाटत आईकडं बघत राहिली. गौतमीचा नवरा कैलास कंपनीतून आला, त्यानं पोरीचे खोल गेलेले डोळे बघितले आणि उचलून दवाखान्यात पळाला, दोघी त्याच्यामागं. डॉक्टरांनी नाडीला हात लावला आणि काढून घेतला. "बाळ सुकून गेलं हो," ते म्हणाले. "पाणी का नाही पाजलं? आईचं दूध का तोडलं? तेवढ्यानं वाचलं असतं." हे तिघांनी ऐकलं. कैलासनं, गौतमीनं आणि तुळजाबाईनं.

म्हणजे म्हातारीला कळलं होतं. इथवर तिची चूक होती असं म्हणता येईल, आणि चुकीला माफी असते म्हणतात. पण दहाव्याला बायका जमल्या, म्हातारीच्या चुलत जावेनं, रंभाबाईनं विचारलं, "आक्का, झालं तरी काय गं पोरीला?" तेव्हा तुळजाबाईनं पदर डोळ्याला लावला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आईचं दूधच बाधलं गं. दूधच नासकं, त्याला कोन काय करनार!"

कैलास खाली बघत राहिला. आईपुढं त्याचं तोंड कधी उघडलंच नव्हतं, त्या दिवशी कुठून उघडणार? आणि गौतमी भिंतीला टेकून बसली होती. जे दूध नासकं ठरलं, ते त्याच वेळी तिच्या चोळीतून ओघळत होतं. उठून मोरीत गेली आणि पिळून टाकलं तिनं ते. दुखत होतं. त्या मोरीत उभं राहूनच तिनं ठरवलं की हिला सोडायचं नाही.

रंभाबाईच्या कानात पडलेली गोष्ट गावाबाहेर पिरंगुटपर्यंत जायला वेळ लागत नाही. ही गेली. पुढं ओवी झाली तेव्हा रंभाबाई दुधाच्या पावडरचा डबा घेऊन बाळंतिणीला बघायला आली. "अंगावर पाजू नगं बाई, एकदा झालं तेवढं पुरं," म्हणाली, आणि तेही मायेनं. गौतमीनं डबा ठेवून घेतला, त्यात मोहरी भरली, आणि ओवीला अंगावरच पाजलं. नुसतं पाजलं नाही, दाराच्या ओट्यावर बसून पाजलं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावं म्हणून. पोरगी पळायला लागली, बोलायला लागली, तरी पाजलं. ओवी अशी टुणटुणीत झाली की तिच्या गालांकडं बोट दाखवायची गरज नव्हती. पण गावाचं एक असतं, एकदा ऐकलेलं ते सोडत नाही. "ओवी नशिबाची," बायका म्हणायच्या, "आईचं दूध पचवलं तिनं." आणि तुळजाबाई शेजारी बसून सुपारी कातरायची, हूं की चूं करायची नाही.

ओवीला एकदा जुलाब झाले होते. तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईनं जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या आणि कसं पाजायचं ते समोर बसवून दाखवलं. पोटाची तक्रार असेल तर उलट जास्त पाजायचं, आईचं दूध तर तोडायचंच नाही, आणि बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले की घरी थांबायचं नाही. गौतमीनं ते असं ऐकलं, जसं कोर्टात निकाल ऐकतात. शिल्लक पुड्या तिनं फ्रीजवरच्या टोपलीत जपून ठेवल्या.

यंदाच्या चैत्रात नणंद सृष्टी माहेरी आली. तुळजाबाईचं शेंडेफळ. शिकलेली, हिंजवडीला नवरा निरंजन मोठ्या पगारावर, आणि कडेवर पाच महिन्यांचा अर्णव. तुळजाबाईला नातू म्हणजे काय ठेवू आणि काय नको. आपला तो बाब्या, ही म्हण लोकांनी तिच्यावरूनच पाडली असावी. सृष्टीचा स्वभाव चांगला होता, वहिनीला ती जीव लावायची, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं जे झालं त्यात तिला कुणी बोल लावणार नाही.

घरात कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस भिजवलेला गहू, वाटून गाळलेला चीक, तो काही कुणासाठी थांबत नाही. उजाडता उजाडता अंगणातल्या चुलीवर पातेलं चढलं, रंभाबाईसकट गल्लीतल्या पाचसहा जणी आल्या, आणि वर गच्चीवर भाड्याच्या खोल्यांपुढं साड्या अंथरून सोऱ्या फिरायला लागला. त्याच सकाळी सृष्टी बाळाला घेऊन अंगणात आली. चेहरा उतरलेला.

"आई, याला रात्रीपासून पातळ होतंय. दोनदा उलटीपण झाली. काय करू?"

चुलीत लाकूड सारणारा गौतमीचा हात थांबला. तिनं सासूकडं बघितलं. सासूनं तिच्याकडं बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली. त्या एका नजरेत गौतमीला कळलं की म्हातारी काही विसरलेली नाही. इतकी वर्षं जी संधी गौतमी शोधत होती, ती आपल्या पायानं चालत अंगणात आली होती.

"दाताचं असंल," गौतमी गोड आवाजात म्हणाली. "त्यात काय घाबरायचं ताई? आत्यांना इचारा की. पानी बंद करायचं. पोटात काई गेलंच न्हाई, तर भाईर काय येनार? व्हय ना वो आत्या?"

तुळजाबाईच्या हातातला चाटू चिकात बुडाला.

"पण डॉक्टर तर म्हणतात पाजत राहा," सृष्टी म्हणाली.

"डाक्टरनं कुटं पोरं वाढवल्यात? तुमा चौघांस्नी आत्यांनी असंच वाढवलं. आन अंगावरचं बी नगा पाजू हां. आईचं दूध बाधतं. माझ्या जुईला माझं बाधलं, सगळ्या गावाला ठावं हाय. आत्यांनीच सांगितलं व्हतं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. सगळ्या जणींचे हात थांबले. रंभाबाईनं मान डोलावली. "बराबर हाय तिचं. न्हाई का आक्का?"

आता म्हातारीपुढं दोनच वाटा होत्या. एक तर सगळ्यांसमोर म्हणायचं की पाणी तोडू नका, पोर मरतं. म्हणजे मग जुई कशानं गेली ते आपोआप उघडं. नाहीतर नातवाचं पाणी तोडायचं. गौतमी चुलीचा धूर डोळ्यांत जाऊ देत तिच्याकडं बघत राहिली. बोल, मनात म्हणत होती. बोल एकदा, मी स्वतः पुडी कालवून आणते. एक वाक्य बोल.

"व्हय," तुळजाबाई म्हणाली. "आमच्यात तसंच करत्यात."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! गौतमीला वाटलं होतं म्हातारी एका धक्क्यात कोसळेल. ती कोसळली नाही. आणि गौतमीही हटली नाही. माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि असतं तरी त्या दिवशी तिनं घेतली नसती.

सृष्टीनं निरंजनला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. दवाखान्यात जाऊ का म्हणाली, तर गौतमीच म्हणाली, "दातासाठी कुनी दवाखान्यात जातं व्हय?" आई काही बोलत नाही, वहिनी ठाम आहे, चार मोठ्या बायका माना डोलावतायत. पहिलटकरीण पोर, तिनं कुणाचं ऐकायचं? तिनं ऐकलं आणि आतल्या खोलीत बाळाला घेऊन बसली.

गौतमी गच्चीवर कुरडया घालत होती, पण कान खाली होते. बाळ रडत होतं. काहीतरी कारण काढून ती सारखी खाली यायची. तिनं स्वतःला एक हद्द घालून दिली होती. लंगोट कोरडा राहिला की बास, मग मी बोलणार. ऊन चढलं, लंगोट कोरडा राहिला. तिनं हद्द पुढं सरकवली. रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही की बास. पुढच्या खेपेला बघितलं, बाळ रडत होतं आणि डोळे कोरडे होते. म्हातारी उंबऱ्यावर बसून होती, ओठ घट्ट मिटलेले. अजून थोडं, गौतमीनं स्वतःला सांगितलं. आत्ता बोलेल ही. सृष्टीच्या कुर्त्यावर छातीशी दोन ओले डाग पडले होते. पोर रडलं की पान्हा फुटतो, तो कुणाच्या आज्ञेत नसतो. गौतमीनं ते डाग बघितले, ओळखले, आणि मान फिरवून जिना चढली.

त्या जिन्यावर तिला कुणी अडवलं असतं आणि विचारलं असतं, बाई, तू करतेस काय, तर ती म्हणाली असती, मी काहीच करत नाही. तुळजाबाईही जुईच्या वेळी हेच म्हणाली असती.

मग रडणं थांबलं. रंभाबाई सोऱ्या दाबता दाबता म्हणाली, "झोपलं वाटतं गुनी." तसं थांबलेलं रडणं गौतमीनं एकदा ऐकलं होतं. ती धावत खाली आली. सृष्टी मोरीत लंगोट धुवत होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं ढकललं.

देवाच्या फळीखाली तुळजाबाई फतकल मारून बसली होती. मांडीवर बाळ, शेजारी पाण्याचा तांब्या. ती पदराचं टोक तांब्यात बुडवत होती आणि बाळाच्या ओठांत पिळत होती. "पी माज्या राजा, पी," पुटपुटत होती, "कुनाला सांगू नगं." बाळ चिमणीसारखं तोंड उघडून चोखत होतं. किती वेळापासून हे चाललं होतं कोण जाणे. म्हातारीनं सकाळी एवढ्या झटकन होकार का दिला, ते गौतमीला आत्ता कळलं. तिला चारचौघींत मानही राखायचा होता आणि दाराआड नातूही वाचवायचा होता.

गौतमीचं अंग पेटलं. बाळ जिवंत आहे याचा आनंद व्हायचा त्याआधीच पेटलं. हाच पदर होता. हाच तांब्या होता. हीच मांडी होती, आणि या मांडीवर माझी जुई जीभ बाहेर काढून सुकत गेली.

"रंभाकाकी!" ती एवढ्यानं ओरडली की वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी कंपनीतली पोरं कठड्याशी आली. "सगळ्याजनी खाली या! आमच्या आत्या काय करत्यात बगा!"

चिकानं भरलेल्या हातांनी बायका खोलीत घुसल्या. सृष्टीही आली. तुळजाबाईनं पदर लपवायचा प्रयत्न केला, पण पाणी मांडीवरून फरशीवर गळत होतं.

"पानी पाजताय आत्या? जुलाबात? पोर मरंल की."

"पान्यानं मरत न्हाई पोर!" म्हातारी किंचाळली. "पान्यावाचून मरतं!"

रंभाबाईचं तोंड उघडंच राहिलं, आणि त्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला नाही, ही घोटावड्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट.

"मंग माझी जुई?" गौतमीनं विचारलं.

"मी मारली." तुळजाबाई आता रडत होती, नाकाडोळ्यांतून. "मी पानी तोडलं. डाक्टरनं सांगितलं तवा कळलं. तवा वेळ गेली व्हती."

"आन माझं दूध?"

"तुझ्या दुधात काय बी न्हवतं, गौतमे. चांगलं व्हतं तुझं दूध."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी ती जगली, ते तिनं कानांनी ऐकलं. गोड लागलं. खोटं कशाला सांगायचं, फार गोड लागलं. सृष्टीनं बाळ उचलून घेतलं होतं, म्हातारी गौतमीच्या पायाशी वाकली होती, गल्लीतल्या बायका बघत होत्या, आणि गौतमीला वाटलं, आता जुई निजेल. या सुखात ती किती वेळ उभी राहिली असती सांगता येत नाही, पण बाळानं पुन्हा ओकारी काढली आणि तिचे हात आपोआप कामाला लागले. स्वयंपाकघरात गेली. उकळून गार केलेलं पाणी मोजून एक लिटर पातेल्यात ओतलं. फ्रीजवरच्या टोपलीतून पुडी काढली, दातांनी फाडली, अख्खी त्यात टाकली, ढवळली, चमचा घेतला. "ताई, तुमी आदी अंगावर घ्या त्याला," परत येत ती म्हणाली. "लगेच पाजा. मधे मधे हे चमच्या चमच्यानं द्या. ओकला तर थोडं थांबून परत द्या. आन रिक्षा बोलवा, डोळे खोल गेल्यात, घरी ठेवायचं न्हाई."

सृष्टी बाळाला छातीशी धरून उभी होती. ती पातेल्याकडं बघत होती, मग वहिनीच्या मुठीतल्या फाडलेल्या पुडीकडं, मग गौतमीकडं.

"वैनी," ती हळू आवाजात म्हणाली, "हे तुम्हाला कधीपासून माहिती आहे?"

गौतमी चमच्यानं पातेलं पुन्हा ढवळायला लागली.

"सकाळी माहिती होतं?"

बायकांच्या माना एकामागून एक तुळजाबाईकडून गौतमीकडं वळल्या. गौतमीला सांगायचं होतं की मी हद्द घातली होती, मी बोलणारच होते, तुझी आई आधी बोलायला हवी होती. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की यातलं एकही वाक्य बाळाच्या आईला सांगण्यासारखं नाही.

सृष्टीनं तिच्या हातातून चमचा काढून घेतला. पातेलंही घेतलं. आणि आईकडं न बघता, वहिनीकडं न बघता, बाहेर पडली. तिच्यामागं रंभाबाई धावली, रिक्षाला हाक मारायला.

अर्णव वाचला. सलाईन लागलं, दोन रात्री दवाखान्यात काढल्या, डॉक्टरांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. तुळजाबाईच्या चोरट्या पाण्यानं त्याला तगवलं असेल, किंवा नशिबानं. कुरडया त्या दिवशी अर्ध्याच झाल्या, उरलेला चीक पातेल्यात आंबून गेला.

गौतमीला जे हवं होतं, ते मात्र सगळं मिळालं. रंभाबाईनं जी गोष्ट एकदा पिरंगुटपर्यंत नेली होती, तीच पुसायला ती घरोघर फिरली, आणि यावेळी जास्त वेगानं फिरली. गल्लीतली एक बाळंतीण तर पोर अंगावर पिईना म्हणून गौतमीकडंच सल्ला विचारायला आली. कैलास एका रात्री जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "मी तवाच बोलायला पायजे व्हतं." गौतमीनं त्याला भाजी वाढली. तुळजाबाई आता ओट्यावर बसत नाही. आत बसते, भिंतीकडं तोंड करून. गौतमीला तिची दया येत नाही. ती तसं म्हणते आणि खरंच येत नाही.

गणपतीला सृष्टी आली. यायचं नव्हतं तिला, पण निरंजन म्हणाला, माहेरचा गणपती चुकवू नये. अर्णव रांगायला लागला होता, गुटगुटीत झाला होता. सृष्टी सगळ्यांच्या पाया पडली, आईच्यासुद्धा. आईशी दोन शब्द बोलली. म्हातारीनं नातवाला मांडीवर घेतलं, तेही तिनं घेऊ दिलं. गौतमी दारात मोदकांची परात घेऊन उभी होती. अर्णव फरशीवरून सरळ तिच्याकडं निघाला, हसत, लाळ गाळत. तिनं परात खाली ठेवली आणि हात पुढं केले.

सृष्टी तिथून उठली, मधल्या मधे त्याला उचललं, आणि परत जागेवर जाऊन बसली. चढा आवाज नाही, वाकडं तोंड नाही. नंतर तिनं वहिनीच्या हातचं जेवण नीट जेवलं, भांडी घासायला मदत केली, निघताना "येते" म्हणाली.

गौतमी दारातून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं, तिला वाटलं. भांडणारी माणसं विसरतात. ही भांडली नाही. आणि न भांडता धरलेला राग किती वर्षं टिकतो, हे घोटावड्यात गौतमीला कुणी सांगायची गरज नव्हती.